गॅससाठी बांधलं, खरजेला कामी आलं : युद्धकाळातल्या लंडन बरोचं आरोग्य खातं

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या एखाद्या बरोच्या (स्वतःचं कौन्सिल असलेल्या शहराच्या विभागाच्या) आरोग्य खात्याकडे नेमकं काय काम होतं, आणि माणसं रात्र-रात्र बॉम्बपासून बचावाच्या निवाऱ्यांत दाटीवाटीने झोपत असताना मोठ्या साथी का पसरल्या नाहीत? उदाहरण म्हणून फिन्सबरी हा बरो धरतो, पण जिथे दुसऱ्या बरोची गोष्ट जास्त बोलकी आहे तिथे ती घेतो.

थोडक्यात सांगायचं तर खात्याने तयारी केली होती विषारी गॅसची आणि मृतदेहांच्या ढिगांची. अंगावर आलं ते वेगळंच : खरूज, उवा, भरून वाहणारे संडास, फुटलेल्या जलवाहिन्या, घटसर्प. गॅससाठी मिळालेली माणसं, खोल्या आणि पैसा ज्यांनी वेळेवर या कामांकडे वळवला त्यांचं निभावलं.

आधी हद्दी समजून घ्या, कारण वाचणाऱ्याचे निम्मे घोटाळे तिथेच होतात. आपल्याला महापालिका म्हटलं की रुग्णालयापासून कचऱ्यापर्यंत सगळं एकाच छपराखाली असतं असं वाटतं. लंडनमध्ये तसं नव्हतं. १८९९ च्या कायद्याने २८ मेट्रोपॉलिटन बरो झाले, सिटी ऑफ लंडन वेगळी राहिली, आणि या सगळ्यांच्या वर लंडन काउंटी कौन्सिल. १ एप्रिल १९३० पासून सरकारी रुग्णालयं काउंटीकडे होती. रुग्णवाहिका, शाळकरी मुलांची तपासणी, मुख्य मलवाहिन्या हेही काउंटीचंच. पाणी तिसऱ्याच संस्थेचं, मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाचं. बरोकडे उरायचं ते घरोघरची स्वच्छता तपासणी, साथरोगांची नोंद आणि निर्जंतुकीकरण, दूध व अन्नाचे नमुने, माता-बालक केंद्रं, क्षयाचा दवाखाना, सार्वजनिक स्नानगृहं, कचरा, उंदीर आणि शवागार. म्हणून फिन्सबरीच्या आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालात रुग्णालयातल्या खाटांचा हिशेब शोधू नका, तो सापडणार नाही. तेव्हा लंडन काउंटीच्या बाहेर असलेले क्रॉयडन किंवा कोव्हेंट्रीसारखे काउंटी बरो ही वेगळी जात. त्यांच्याकडे रुग्णालयांसकट जवळजवळ सगळं एका हाती होतं.

खात्याचा प्रमुख म्हणजे मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, आपण आरोग्याधिकारी म्हणू. हा डॉक्टर असायचा, पण खाजगी पेशंट पाहणारा नाही. हाताखाली दोन फळ्या : सॅनिटरी इन्स्पेक्टर आणि हेल्थ व्हिजिटर. पहिले नोटीस बजावणारे, दुसऱ्या घरात शिरून बाळ पाहणाऱ्या. मुंबई महापालिकेतलं कार्यकारी आरोग्य अधिकारी हे पद याच घराण्यातलं आहे, त्यामुळे मुंबईच्या खात्यात काम केलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही.

फिन्सबरी घ्यायचं कारण असं, की युद्धाच्या तोंडावर या गरीब, दाट वस्तीच्या बरोने पाइन स्ट्रीटवर आरोग्य केंद्र उभं केलं. वास्तुकार लुबेटकिन आणि त्याच्या टेक्टन कंपनीचं डिझाइन, उद्घाटन २१ ऑक्टोबर १९३८ ला नामांकित डॉक्टर लॉर्ड हॉर्डर यांच्या हस्ते. क्षयाचा दवाखाना, दात, पाय, बायका-मुलं, शिवाय निर्जंतुकीकरणाची यंत्रणा आणि शवागार, सगळं एका इमारतीत. त्यामागे बरोच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष डॉ. चुनीलाल कटियाल होते. मूळचे पंजाबचे, १९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन भेटले ते यांच्याच घरी. १९३८-३९ मध्ये ते फिन्सबरीचे महापौर होते. १९४८ ला भारतात परतून ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे (ईएसआय) महासंचालक झाले. आपल्याकडच्या ईएसआयच्या दवाखान्यांचा धागा असा थेट फिन्सबरीपर्यंत जातो.

आता तयारीकडे वळू. १९३७ मध्ये सरकारी अंदाज होता की ६० दिवसांच्या बॉम्बफेकीत ६ लाख माणसं मरतील आणि १२ लाख जखमी होतील. संपूर्ण युद्धात ब्रिटनमध्ये बॉम्बफेकीने मेलेले नागरिक साधारण ६० हजार. म्हणजे अंदाज अनेक पटींनी फुगलेला होता, पण सगळी यंत्रणा त्यावर बेतली गेली. १९३९ च्या सिव्हिल डिफेन्स कायद्यानंतर प्रथमोपचार चौक्या, स्ट्रेचर पथकं, फिरती पथकं आणि अंगावरचा विषारी गॅस धुण्याची केंद्रं बरोच्या गळ्यात पडली, आणि बरोने ती आरोग्याधिकाऱ्याच्या हाती सोपवली. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या दिवसांत रुग्णालयं रिकामी करायला सुरुवात झाली. त्यात हजारो क्षयरोगी सॅनेटोरियममधून उठवून घरी पाठवले गेले, त्याच घरी जिथे दोन खोल्यांत सहा माणसं राहत. या निर्णयाला मी त्या काळातली सगळ्यात वाईट आरोग्य-चूक म्हणेन. जखमी आलेच नाहीत, खाटा महिनोन्‌महिने रिकाम्या पडल्या. १९४० आणि १९४१ मध्ये क्षयाचे मृत्यू वाढले. कारणं अनेक होती, पण हेही त्यांतलं एक धरावं लागतं.

जखमींची साखळी कागदावर अशी होती : वॉर्डनने (हवाई हल्ल्यात गल्लीवर लक्ष ठेवणाऱ्याने) ठिकाण कळवायचं, नियंत्रण कक्षाने स्ट्रेचर पथक आणि रुग्णवाहिका सोडायची, किरकोळ जखमी प्रथमोपचार चौकीत, गंभीर थेट रुग्णालयात. प्रत्यक्षात चालता येणारा माणूस चौकी टाळून जवळच्या रुग्णालयाच्या दारात जायचा. चौक्या ओस, रुग्णालयाच्या दारात गर्दी. म्हणून हळूहळू डॉक्टरलाच ढिगाऱ्यापाशी पाठवायची पद्धत आली. तिथे पहिलं काम जखम पाहणं नसायचं. तोंडात आणि नाकात भरलेली चुन्याची धूळ बोटाने काढणं असायचं. मग कपाळावर न पुसणाऱ्या पेन्सिलीने अक्षर : एक्स म्हणजे आधी न्या, टी म्हणजे आवळपट्टी बांधली आहे, एच म्हणजे मोठा रक्तस्राव, एम म्हणजे मॉर्फिन दिलं, सी म्हणजे गॅस लागलेला. टी आणि एम पुढे वेळ लिहायची, आणि हेच घाईत राहून जायचं. परिणाम गंभीर. थंडीने आणि धक्क्याने गारठलेल्या माणसाच्या कातडीखाली दिलेलं मॉर्फिन लवकर रक्तात उतरत नाही. पुढच्या ठिकाणी वेळ दिसली नाही की दुसरी मात्रा देतात, आणि माणूस गरम झाला की दोन्ही एकदम चढतात.

तासन्‌तास ढिगाऱ्याखाली पाय दबलेले लोक बाहेर काढल्यावर बरे दिसायचे आणि काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून मरायचे. हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या बायवॉटर्स आणि बील यांनी मार्च १९४१ मध्ये हे नीट मांडलं : चेंगरलेल्या स्नायूंतून सुटलेला माल मूत्रपिंडात अडकतो. त्यानंतर पथकांना सूचना गेली ती साधी होती. वजन उचलण्याआधी, माणूस शुद्धीवर असेल आणि पोटाला मार नसेल तर, भरपूर पाणी आणि खाण्याचा सोडा पाजा.

निवाऱ्यांबद्दल लोकांच्या डोळ्यांसमोर ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, फलाटावर झोपलेली माणसं येतात. २७ सप्टेंबर १९४० च्या रात्री तिथे सुमारे १,७७,००० माणसं होती, हे खरं. पण नोव्हेंबर १९४० च्या मोजणीत लंडनकरांपैकी ट्यूबमध्ये ४ टक्के, इतर सार्वजनिक निवाऱ्यांत ९ टक्के आणि घरच्या निवाऱ्यांत २७ टक्के निघाले. उरलेले ६० टक्के आपल्या घरातच होते. साथ का पसरली नाही, याच्या उत्तराचा मोठा तुकडा या आकड्यांतच आहे. आणखी तुकडे : लाखो मुलं आणि आया आधीच खेड्यांत गेलेल्या होत्या, टायफस पसरवायला अंगावरच्या उवा पुरत नाहीत, रोगही आधी देशात यावा लागतो, आणि तो आला नाही, नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवलेलं होतं. थोडं नशीबही. मेंदूज्वराने मात्र १९४० मध्ये उचल खाल्ली, इंग्लंड-वेल्समध्ये रुग्ण १२ हजारांवर गेले. त्या वेळी सल्फा औषधं, विशेषतः एम अँड बी ६९३ ही गोळी हाताशी होती, नाहीतर मृत्यू कितीतरी जास्त झाले असते.

सुरुवातीचे निवारे घाण होते. ते दोन-चार तासांसाठी बांधले होते आणि लोक बारा-चौदा तास राहू लागले. याच लॉर्ड हॉर्डर यांच्या समितीने सप्टेंबर १९४० मध्ये पाहणी करून सूचना दिल्या. त्यातूनच तिकिटं, तिमजली बंक, परिचारिका असलेली मदत-खोली आणि रात्रपाळीचे निवारा-मार्शल आले. संडासाचा पेच सगळ्यात किचकट. जमिनीखालच्या निवाऱ्यात मलवाहिनी वर असते, संडास खाली. म्हणून रासायनिक बादल्या. बादली अर्ध्याहून जास्त भरली की उचलताना हिंदकळते, आणि ती जिन्यावरून न्यायची ती पहाटे, म्हणजे नेमकी लोक बाहेर पडायच्या वेळेला. उपाय साधा पण पाळायला कठीण : जागा वाढवा, मध्यरात्री एकदा आणि लोक उठायच्या आधी एकदा रिकामं करा, आणि त्यासाठी वेगळा पगारी माणूस ठेवा. स्वयंसेवकांवर सोडलेलं हे काम कुठेच टिकलं नाही. ट्यूबमध्ये पुढे दाबलेल्या हवेने मैला वर ढकलणारी यंत्रं बसवली, तेव्हा कुठे तिथला प्रश्न सुटला.

झाडलोट कोरड्या झाडूने करायची नाही. धूळ उडते आणि घशाचे जंतू तिच्यावर स्वार होतात. आधी पाणी शिंपडा किंवा ओला भुसा टाका, मग झाडा. पिण्याच्या पाण्याला सामायिक पेला नको. अंथरुणं रोज घरी न्यायची की तिथेच ठेवायची यावर खूप वाद झाले. तिथे ठेवली तर ओल आणि ढेकूण, घरी नेली तर ढेकूण घरी. ट्यूबमध्ये डासही होते. साचलेल्या पाण्यात वाढणारी क्युलेक्सची एक जात माणसांना फोडून काढत होती, आणि ते हिवाळ्यातही थांबत नव्हते.

निवाऱ्याची इमारत एका मंत्रालयाची, तिथलं आरोग्य दुसऱ्या मंत्रालयाचं, चालवायचं बरोने, पैसा वरून. हे त्रांगडं किती महाग पडतं ते ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीन स्टेशनच्या जिन्यावर दिसलं. बॉम्ब एकही पडला नाही; अंधाऱ्या, मधला कठडा नसलेल्या पायऱ्यांवर कोणीतरी घसरलं आणि चेंगरून १७३ माणसं मेली. प्रवेशद्वार मजबूत करायची परवानगी बरोने १९४१ मध्येच मागितली होती. मिळाली नव्हती.

आता खरूज. हा विषय हिणकस वाटतो, पण युद्धकाळातल्या आरोग्य खात्याची अक्कल आणि अडाणीपणा दोन्ही इथे दिसतात. जुनी पद्धत अशी : गरम पाण्याने अंघोळ, ब्रशने घासणं, तीन दिवस गंधकाचं मलम, आणि घरातले कपडे-अंथरुणं सगळी वाफेच्या यंत्रात. यंत्र भिंतीत बसवलेलं असायचं. एक दार घाणेरड्या खोलीत उघडतं, दुसरं स्वच्छ खोलीत, आणि दोन्हींकडे वेगळी माणसं, वेगळ्या गाड्या. कामगार एका खोलीतून दुसरीत गेला की सगळ्या वाफेचा अर्थ संपतो. कातडी पट्टे, बूट, रबर चुकून आत गेलं की आकसून वाया जातं. युद्धात बूट परत मिळणं सोपं नव्हतं, म्हणून घरचे लोक सामान लपवायचे. एका कुटुंबामागे यंत्र जवळजवळ अर्धा दिवस अडकायचं. रुग्ण शेकड्यांनी वाढले तेव्हा रांग तिथेच तुंबली.

शेफिल्डमध्ये कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी युद्धाला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांचे न धुतलेले आतले कपडे आणि ब्लँकेटं वापरायला दिली. फारच थोड्यांना खरूज झाली. रुग्णाशेजारी एका बिछान्यात उघड्या अंगाने झोपवलं, तेव्हा झाली. म्हणजे खरूज ब्लँकेटातून येत नाही, कातडीला कातडी बराच वेळ लागली की येते. शिवाय एका रुग्णाच्या अंगावर खरजेच्या किड्याच्या सरासरी डझनभरच माद्या असतात, आणि पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला महिनाभर लागतो. हा शेवटचा मुद्दा व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला खाज सुटत नाही तोच घरभर वाटत फिरतो. एकट्या खाजवणाऱ्या मुलाला औषध लावून पाठवलं तर तो महिन्याभरात परत येतो, आणि दोष औषधाला मिळतो.

१९४१ च्या स्कॅबीज ऑर्डरने आरोग्याधिकाऱ्याला घर तपासायचा आणि उपचाराची सक्ती करायचा अधिकार दिला. जागा तयारच होती : मस्टर्ड गॅस धुण्यासाठी बांधलेली केंद्रं. एका बाजूने आत, कपडे उतरवायची खोली, शॉवर, अंग पुसायची खोली, दुसऱ्या बाजूने बाहेर, पुरुष आणि बायकांचे रस्ते वेगळे. खरजेला याहून सोयीची इमारत मुद्दाम बांधूनही मिळाली नसती. पद्धत अशी ठरली :

घरातले सगळे एकाच दिवशी बोलवायचे, खाज असो-नसो. साबण लावून गरम अंघोळ, पण कातडी सोलेपर्यंत घासायचं नाही. मग २५ टक्के बेंझिल बेंझोएटचं दूधकट पातळ औषध, मोठ्या माणसाला साधारण ६० मिलिलिटर, हनुवटीपासून तळपायापर्यंत ब्रशने रंग दिल्यासारखं. बोटांची बेचकी, मनगट, काखा, कंबर, जननेंद्रिय, टाचा हमखास सुटतात, म्हणून लावणारा दुसरा माणूस हवा. स्वतःची पाठ कुणाला रंगवता येत नाही. दहा मिनिटं उभं राहून वाळवायचं, कपडे तेच घातले तरी चालतात, २४ तास अंघोळ नाही. आपल्याकडे हे औषध आजही मिळतं, पण बाटली देऊन घरी पाठवलं की निम्मं अंग कोरडं राहतं, हा अनुभव तेव्हाचाही होता.

घोटाळा पुढे व्हायचा. किडे मेले तरी खाज आठवडा-दोन आठवडे राहते. आई पुन्हा औषध लावते, मग पुन्हा गंधक लावते, आणि आता गंधकानेच कातडी लाल होते. नर्स ते पाहून म्हणते खरूज अजून आहे. म्हणून चांगल्या केंद्रांनी नियम केला : दुसऱ्यांदा लावायचं ते किड्यांनी कातडीत केलेली नवीन बिळं डोळ्यांनी पाहूनच, रुग्णाच्या तक्रारीवरून नाही. आणि काही बरोंमध्ये मेलनबींचे निष्कर्ष छापून आल्यावरही ब्लँकेटं वाफेत घालणं चालूच राहिलं, कारण यंत्र होतं, माणूस होता आणि समितीला आकडा दाखवायला बरा वाटायचा.

डोक्यातल्या उवांबाबत मेलनबींनीच आणखी एक गोष्ट उघड केली. शाळेतल्या तपासणीत उवांचं प्रमाण कमी दिसायचं. त्यांनी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांच्या नोंदी पाहिल्या तर औद्योगिक शहरांत लहान मुलींपैकी जवळजवळ निम्म्यांच्या डोक्यात उवा. नर्स कधी येणार हे घरी माहीत असायचं आणि आदल्या रात्री डोकं विंचरून पाठवायचे. तपासणीचे आकडे वाचताना हे कायम लक्षात ठेवा.

पाण्याचं काम बरोचं नव्हतं, तरी पाणी बिघडलं की आजारी पडणार ते बरोतले लोक. रस्त्याखाली जलवाहिनी आणि मलवाहिनी शेजारी-शेजारी असतात, आणि बॉम्बच्या खड्ड्यात दोन्हींचं पाणी एकत्र होतं. वाहिनीतला दाब गेला की मैला उलटा आत शिरतो. या भीतीला ताजं कारण होतं : १९३७ मध्ये क्रॉयडनला विहिरीत दुरुस्ती चालू असताना क्लोरीन बंद ठेवलं, कामगारांपैकी एक जण विषमज्वराचा वाहक निघाला, ३४१ रुग्ण झाले आणि ४३ मेले. दुरुस्तीची खबर आरोग्याधिकाऱ्याला वेळेत दिलेली नव्हती. एवढ्या एका प्रकरणाने इंजिनिअर आणि आरोग्य खातं यांच्यातलं फोन करणं सक्तीचं झालं असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून क्रम असा : झडप बंद, त्या गल्लीला पाण्याची गाडी किंवा तात्पुरतं नळकोंडाळं, दारोदार 'उकळून प्या'ची चिठ्ठी. लाउडस्पीकरची गाडी फिरवली तरी चिठ्ठी हवीच, कारण रात्रपाळीचा कामगार दिवसा झोपलेला असतो. नळ जोडल्यावर आधी जोरात पाणी सोडून चिखल काढायचा, मग क्लोरीनचा जबर डोस भरून वाहिनी मुरू द्यायची, पुन्हा धुवायची, आणि नमुना घ्यायचा. चिखल न काढता क्लोरीन ओतलं तर ते चिखलातच खर्ची पडतं. नमुन्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटचे खडे हवेत, नाहीतर बाटलीत शिल्लक क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंत जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. जंतूंचा निकाल यायला दीड-दोन दिवस. तोवर भरवसा शिल्लक क्लोरीनच्या रंगचाचणीवर, आपल्या ग्रामपंचायतींत जिला ओ.टी. टेस्ट म्हणतात तिच्यावर. पाण्याच्या गाडीचा हिशेब आजही तोच : २५ टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरचे ४ ग्रॅम हजार लिटरला टाकले की एक भाग प्रति दशलक्ष. पण डबा उघडा राहिला की पावडर पडून मरते, म्हणून हिशेबावर विसंबून चालत नाही, चाचणी करावी लागते. आपल्याकडे टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पोत्याचं हेच होतं.

घटसर्पाचं लसीकरण हे या सहा वर्षांतलं सगळ्यात टिकाऊ काम. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये ६१ हजारांहून जास्त रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू. लस आधीपासून होती, अनेक बरोंनी ती मनावर घेतलेली नव्हती. १९४० च्या शेवटी मंत्रालयाने ती फुकट पुरवायला सुरुवात केली, तेव्हा कारणं संपली. तुरटीत साकळवलेला टॉक्सॉइड (निर्विष केलेलं जंतूंचं विष), दोन मात्रा, मध्ये किमान चार आठवडे, पहिला वाढदिवस येण्याआधी. अडचण मधल्या चार आठवड्यांतच होती : पहिल्या मात्रेनंतर मूल खेड्यात गेलं, तिथल्या कौन्सिलला काही माहीत नाही, आईजवळचं कार्ड ढिगाऱ्यात. अर्धवट लसीकरण झालेली ही मुलं आकडेवारीत 'झालं' या रकान्यात बसायची. मोठ्या मुलांना या लसीने दंड सुजून ताप यायचा, म्हणून त्यांना आधी शिक चाचणी (प्रतिकारशक्ती आहे का ते पाहणारी कातडीवरची चाचणी) किंवा सौम्य प्रकारची लस. लक्ष्य ७५ टक्के मुलांचं होतं. शाळेतली मुलं सहज मिळायची, एक ते पाच वर्षांची मिळत नव्हती, आणि मरायची ती जास्त करून लहानच.

दूध आणि जीवनसत्त्वांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे आटोपतो. जुलै १९४० पासून गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) दूध दोन पेन्सला, परवडत नसेल तर फुकट. डिसेंबर १९४१ पासून कॉड लिव्हर ऑइल, आणि पुढे अमेरिकेहून आलेला संत्र्याचा रस. रस लोक नेत, तेल कपाटात राहायचं. त्यावर उपाय हेल्थ व्हिजिटरचाच : केंद्रातच बाळाच्या तोंडात चमचा.

शवागाराकडे अहवालांत दोन ओळी असतात, काम मात्र भयंकर होतं. पुठ्ठ्याच्या शवपेट्या साठवून ठेवल्या होत्या. तितके मृत्यू झालेच नाहीत. अडचण ओळख पटवण्याची आली. तुकडे, धुळीने एकसारखे झालेले चेहरे, धुवायला पाणी नाही. जिथे सापडलं ते घर, मजला, कपड्याचा कापलेला तुकडा, खिशातली वस्तू हे जागेवरच चिठ्ठीवर लिहून अंगाला बांधलं तरच पुढे नाव लागायचं. चिठ्ठी गाडीत बांधली तर उपयोग शून्य. सरकारी खर्चाने दफन करायला नातेवाईक तयार नसायचे, कारण गरिबांच्या मनात ते 'पॉपर'चं, म्हणजे सरकारी मदतीवर जगणाऱ्या कंगालाचं, दफन होतं. म्हणून बरोंनी झेंडा, फुलं, महापौरांची हजेरी अशी व्यवस्था केली.

शेवटी अहवाल वाचायची पद्धत, कारण हे जुने अहवाल आता ऑनलाइन सापडतात आणि लोक आकडे उचलून चुकीचे निष्कर्ष काढतात. युद्धातले अहवाल कागदटंचाईमुळे पातळ असतात, अनेक नुसते टंकलिखित. दर हजारी मृत्युदर वाचताना आधी भाजक बघा. फिन्सबरीची लोकसंख्या १९३१ मध्ये ७० हजारांच्या आसपास, १९५१ मध्ये ३५ हजारांच्या. युद्धात ती महिन्यागणिक हलत होती. मागे उरलेले लोक वयस्कर आणि जास्त गरीब, म्हणून दर वाढला याचा अर्थ सेवा बिघडली असा होत नाही. बाळंतपणं खेड्यातल्या तात्पुरत्या प्रसूतिगृहांत व्हायची, पण नोंद आईच्या राहत्या पत्त्यावर फिरून येते. 'बाहेरून आलेल्या नोंदी' हा रकाना न पाहता बालमृत्यू काढू नका. इंग्लंड-वेल्सचा बालमृत्युदर १९३९ ला दर हजारी ५१, १९४१ ला ६०, आणि १९४५ ला ४६ होता. तुमच्या बरोचा आकडा याच्या शेजारी ठेवून पाहा. युद्धकृतीने झालेले मृत्यू एकूण दरात धरले आहेत की वेगळे काढले आहेत हे तळटीपेत असतं. आणि प्रथमोपचार चौकी, निवारे, पाळणाघरं यांचा खर्च आरोग्य खात्याच्या पानावर दिसला नाही तर सिव्हिल डिफेन्सच्या हिशेबात पाहा, कारण तो पैसा वेगळ्या खिशातून यायचा.